मावशीचा सकाळचा राउंड

आमच्या घरात आधी चहा आणि मग देव असा क्रम होता. मावशी राहायला आली आणि तिने तो उलटा केला. चहा मागे गेला याचं मला जितकं दुःख झालं तितकं त्या वयात दुसऱ्या कशाचंच झालं नसेल. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, मीठ खात्यात कारकून होते. धरमतरकडची मिठागरं त्यांच्या कचेरीच्या अखत्यारीत येत, म्हणून आम्ही नगरकडची माणसं पेणला येऊन स्थिरावलो होतो. आळीत ख्रिस्ती घर आमचं एकच. उपासनेला जायचं तर महिन्यातून एखाद्या रविवारी एसटीने रोह्याला, मावशीच्या ओसरीवर. तिथे चार-पाच घरची माणसं जमायची. एरवी सकाळची घरातली प्रार्थना हीच आमची उपासना, आणि ती दादा चालवायचे. चहाचा कप खाली ठेवून ते डोळे मिटायचे आणि 'हे दयाळू, कृपाळू, प्रेमळ स्वर्गीय बापा' अशी सुरुवात करून एका दमात आमेनपर्यंत पोचायचे. शब्द रोज तेच, थांबण्याच्या जागाही त्याच. आई 'हे दयाळू'ला दूध स्टोवर ठेवायची आणि आमेनला ते वर यायचं. कधी उतू गेलं नाही.

आमची चाळ कौलारू होती. दोन खोल्या आमच्या, शेजारच्या दोन भाईकाका आणि मालूकाकींच्या, मध्ये फळ्यांची भिंत. ही भिंत माणसाच्या डोक्यावर हातभर जाऊन थांबायची आणि त्यावर सगळ्या चाळीला मिळून एकच छप्पर. त्यामुळे शेजारी काय शिजतंय हे कळायचं आणि काय बिनसलंय हेही. मालूकाकींनी वालाचं बिरडं टाकलं की माझं लक्ष अभ्यासातून उठायचं. आईने सुकटीत कैरी घातली की पलीकडून हाक यायची, "वहिनी, वाटीभर इकडं पण येऊ दे गो!" उन्हाळ्यात त्यांच्याकडे पापड लाटायला आळीतल्या बायका जमायच्या आणि आम्हा पोरींना तेल लावलेल्या लाट्या खायला मिळायच्या. पहाटेचे आवाज ठरलेले होते. आधी मशिदीतली बांग, मग विहिरीवरचा रहाट, मग भाईकाकांचा खोकला आणि त्यांनी मोरीत आपटलेला तांब्या.

भाईकाका गणपतीच्या कारखान्यात कामाला होते. पेणमध्ये हे सांगण्यात विशेष काही नाही, पण ते आखणी करायचे, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे. माती मळणारे, साचे भरणारे, रंग देणारे पुष्कळ होते, डोळे काढणारा त्या कारखान्यात एकच. शाळा सुटली की आम्ही पोरं तिथे जाऊन बसायचो. बघायला परवानगी होती, बोलायला नव्हती. घरी अखंड बडबड करणारा हा माणूस ब्रश हातात आला की निराळाच व्हायचा. इकडची रेघ, तिकडची रेघ, मग बुबुळ, आणि इतका वेळ नुसती माती असलेली मूर्ती एकदम आपल्याकडे बघायला लागायची. मला त्या क्षणाला दर वेळी थोडी भीती वाटायची आणि तरी तोच क्षण बघायला मी रोज जायची. आमच्या घरात मूर्ती नव्हती, पण दादांनी मला कधी अडवलं नाही. "बघ की, कला आहे ती," म्हणायचे.

मावशी ही आईची सर्वांत मोठी बहीण. आई आणि दादा तिला अक्का म्हणत. तिने लग्न केलं नव्हतं. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स, त्यातली शेवटची बरीच वर्षं रोह्याला. ती निवृत्त झाली तेव्हा दादा आणि मी तिला आणायला गेलो. कुंडलिकेच्या काठच्या त्या भाड्याच्या घरातून एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि मेणकापडात गुंडाळलेलं बायबल एवढा संसार बाहेर आला. करवंदांच्या लोणच्याची बरणी तिने टपावर चढवू दिली नाही, मांडीवर घेतली. नागोठणं मागे पडलं तरी ती बरणीला धरून रडत होती. पुढे गडब गावी गाडी थांबली तेव्हा तिने खिडकीतून काकड्या घेतल्या, मीठ लावून आम्हाला दिल्या, आणि रडणं संपलं ते संपलं. तिचा आवाज मोठा होता, वॉर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचणारा. त्यात उतारवयात कानांनी दगा द्यायला सुरुवात केली होती. स्वतःचं बोलणं तिला नीट ऐकू यायचं नाही, म्हणून ती ते आणखी चढवायची. तिला वाटायचं आपण कुजबुजतोय, आणि ते आळीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला ऐकू जायचं.

पहिल्या दिवशी दादांच्या प्रार्थनेला ती शांतपणे बसली. आमेन झालं, दूध वर आलं. मावशी म्हणाली, "छान. पण हे बोललं कोण?"

"म्हणजे?" दादा म्हणाले.

"काल तुम्ही कचेरीतल्या त्या नव्या साहेबावर तासभर बोलत होतात. तो साहेब कुठे गेला? हिच्या धाकट्या बहिणीचा खोकला कुठे गेला? कालच्या दिवसातलं एकही माणूस यात नाही."

दादा खवळतील असं मला वाटलं, पण ते हसले आणि त्यांनी हात जोडले. "अक्का, उद्यापासून चार्ज तुमच्याकडे." मला आता वाटतं, त्यांनाही त्या शब्दांचा कंटाळा आलेला असावा आणि सुटका हवी असावी.

दुसऱ्या दिवशी बांग होते न होते तोच मावशीने माझं पांघरूण ओढलं. बाहेरच्या खोलीत चटई टाकलेली होती. स्टो पेटलेला नव्हता. मोठी माणसं आता सुधारायची नाहीत असं तिचं मत होतं, त्यामुळे तिचा सगळा रोख माझ्यावर. "कर सुरुवात," ती म्हणाली. मी डोळे मिटून म्हटलं, "हे दयाळू, कृपाळू..." आणि गुडघ्यावर चापट बसली.

"ते दादांचं. तुझं सांग."

माझं काहीच नव्हतं. "मला झोप येतेय," मी म्हटलं.

"मग तेच सांग."

"देवाला?"

"नाहीतर कुणाला? मी काय करू त्याचं?"

मग मी म्हटलं, "बापा, मला झोप येतेय आणि चहा पाहिजे." आत आई फसकन हसली. मावशी मात्र गंभीरपणे म्हणाली, "आमेन," आणि उठून आईला स्टो पेटवायला सांगितलं.

तिची शिकवण पुस्तकी नव्हती. आधी कालच्या दिवसातली एक गोष्ट आठवायची आणि तिच्याबद्दल उपकार मानायचे. सूर्य, चंद्र, तारे असं मोघम काही चालायचं नाही; मालूकाकींनी दिलेली पापडाची लाटी चालायची. मग माणसं घ्यायची, एकेक, नावानिशी. स्वतःसाठी शेवटी आणि वेळ उरला तर. याला ती राउंड म्हणायची. "वॉर्डात राउंड असतो ना, तसा. प्रत्येक खाटेशी थांबायचं, त्या माणसाला आज काय होतंय ते बघायचं, मग पुढे. 'सगळ्या आजाऱ्यांना बरं कर' म्हणून मोकळं होणं म्हणजे दारातूनच वॉर्ड बघून घरी जाणं." मी मागितलेलं तिला खरं वाटलं नाही तर ती मला मध्येच थांबवायची. "तुला खरंच हवंय का हे? नको असेल तर मागू नकोस, त्याला कशाला ताप?" एकदा मी शाळेतल्या नावडत्या बाईंसाठी फार गोड काहीतरी मागितलं, तेव्हा तिने ते मला परत घ्यायला लावलं होतं.

सवय काही एका झटक्यात लागली नाही. थंडीत मी पांघरुणातूनच हुं म्हणायची आणि पुन्हा झोपायची. मावशी रागवायची नाही. एकटीच बसून राउंड घ्यायची, आणि त्या आवाजात झोप लागणं शक्यच नव्हतं. चटईवर बसूनही कित्येकदा मनात काही उगवायचं नाही. "नुसती बस," ती म्हणायची, "हजेरी लागते." आता मी रामवाडीला मुलाकडे असते. पहाटे हायवेवरच्या ट्रकांचा आवाज येतो, सून कंपनीच्या पहिल्या शिफ्टला निघालेली असते, आणि मी खुर्चीत बसते, कारण गुडघे चटईवर वाकत नाहीत. अजूनही पुष्कळ सकाळी नुसती हजेरीच लागते. पण ती लागते, आणि त्याचं मला समाधान आहे.

मावशीच्या राउंडची चाळीला सवय माझ्याही आधी लागली. भिंतीवरून सगळंच पलीकडे जायचं. मालूकाकी दारात येऊन विचारायच्या, "काय हो सिस्टर, आज माझा नंबर नाय लागला? पाठ लय धरलीय." समोरच्या जैनबखालाचा मुलगा कुवेतला गेला होता, ती नमाज उरकून आमच्या पायरीशी यायची आणि पोराचं नाव घेतलंत ना, म्हणून खात्री करून जायची. भाईकाका तर तोंड धुताना पलीकडून दुरुस्ती करायचे. मावशी म्हणाली, "मालूच्या पाठदुखीला उतार पडू दे," की ते ओरडायचे, "पाठ बरी हाय आता, गुडघा सांगा!" मावशीला हे ऐकू जायचं नाही. मीच तिला सांगायची आणि ती गुडघा सांगायची.

होळी झाल्यावर एका संध्याकाळी भाईकाका एकटेच आमच्याकडे आले. मालूकाकी माहेरी गेल्या होत्या, त्या रात्रीच्या गाडीने यायच्या होत्या. आई-दादा बाजारात. मावशीने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मला घागर देऊन विहिरीवर पिटाळलं. येताना मी खिडकीतून पाहिलं, भाईकाका स्टुलावर बसले होते आणि मावशी टॉर्च घेऊन त्यांच्या डोळ्यात बघत होती. मी आत गेले तेव्हा ते निघाले. काय झालं म्हणून विचारलं तर मावशी म्हणाली, "तांदूळ निवड." दवाखान्यातली गोष्ट तिच्या तोंडून बाहेर पडायची नाही. अर्ध्या रोह्याची दुखणी तिच्या पोटात होती, पण आईने खोदून खोदून विचारलं तरी ती विषय बदलायची. माणसं तिला विश्वासाने सांगायची ती त्यामुळेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चटईवर बसलो. नेहमीप्रमाणे धाकटीचं नाव झालं, दादांच्या साहेबाचं झालं. मग मावशी म्हणाली, "बापा, आता भाईकडे ये. त्याच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलाय, डाव्याचंही पुढे खरं नाही. रेघ कुठे चाललीय हे त्याला दिसत नाही, हाताच्या अंदाजाने काढतो. मालूला त्याने सांगितलेलं नाही. कारखान्याच्या मालकांना, आबाशेटना कळलं तर ते ब्रश काढून घेतील म्हणून डॉक्टरकडे जायला भितो. बापा, त्याला धीर दे."

पलीकडे मालूकाकी पोहे पाखडत होत्या. सुपाचा आवाज थांबला. मी डोळे उघडले. आई काड्यापेटी हातात घेऊन आतल्या दारात उभी होती. मी मावशीचा पदर ओढला. तिला वाटलं मी चुळबूळ करतेय, तिने माझा हात बाजूला केला आणि ती पुढच्या खाटेकडे गेली, कुवेतच्या मुलाकडे. तो बिचारा पुरता व्हायच्या आत भिंतीपलीकडून मालूकाकींचा आवाज आला. "अहो, काय म्हणते ही? व्हय काय हे?" आणि मग सूप पडल्याचा आणि त्यांच्या रडण्याचा. तेवढं मात्र मावशीला ऐकू गेलं.

तिचा चेहरा मी विसरलेली नाही. कुणाही माणसाला ती हे सांगणार नव्हती, जीव गेला तरी नाही. पण देवाशी बोलणं म्हणजे कुणाला सांगणं, हे तिच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं. पाठदुखी आणि गुडघे पलीकडे जातात तसं हेही जाईल, एवढा साधा विचार तिला सुचला नाही, कारण चटईवर बसली की तिच्या लेखी भिंत, चाळ, मालूकाकी काहीच उरायचं नाही.

थोड्या वेळाने भाईकाका दारात आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "सिस्टर," ते म्हणाले, "मी तुमच्याकडं आलो व्हतो. देवाकडं नव्हतो आलो." एवढंच बोलून ते कामाला गेले. चाळीतली गोष्ट कारखान्यात पोचायला किती वेळ लागणार? संध्याकाळी मालक आबाशेट स्वतः आले. माणूस वाईट नव्हता. त्यांचं बोलणं आम्हाला सगळं ऐकू आलं, न ऐकण्याचा उपाय नव्हता. "भाई, श्रावण लागेस्तो मी थांबतो. तवर डोळ्याचं काय ते करून घे. मुंबईच्या मूर्ती श्रावणात जातात, पुढं मला थांबता येनार नाय. पनवेलचा एक पोरगा हाय, त्याला बोलवावा लागल." भाईकाका "बरं" म्हणाले. एरवी कुणाला बोलू न देणाऱ्या त्या माणसाचा तो एकच शब्द ऐकून मला रडू आलं.

त्यानंतर मावशीचा आवाज बंद झाला. ती पहाटे उठायची, चटईवर बसायची, ओठही हलायचे नाहीत. मनातल्या मनात कर की, असं आईने सुचवलं, तर म्हणाली, "मनात माझं मन भरकटतं गं. आणि हळू बोलावं तर मला कुठे कळतं हळू किती ते." ईस्टर झाला की रोह्याला परत जाते, असंही तिने सांगून टाकलं. जिच्याजवळ माणसाचं गुपित राहत नाही तिने शेजारात राहू नये, असं तिचं म्हणणं. दादांनी पुन्हा 'हे दयाळू, कृपाळू' सुरू केलं. चहा पुन्हा आधी आला. इतके दिवस मी ज्याच्यासाठी कुरकुरत होते ते मला परत मिळालं होतं, आणि तो चहा मला गोड लागेना.

यातून वाट काढली ती मालूकाकींनी. दोन दिवस रडून झाल्यावर त्या कंबर कसून आमच्या दारात उभ्या राहिल्या. "सिस्टर, तोंड पाडून बसू नका. हा मानूस मला कधी सांगनार नव्हता, आंधळा झाला असता तरी भिंतीला आपटून म्हनाला असता, काय नाय, ठेच लागली. आता कळलंय तर कुठं न्यायचं ते सांगा." मावशीला ठाऊक होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत रोह्याच्या एका शाळेत डोळ्यांचं शिबिर भरायचं, मुंबईहून डॉक्टर यायचे. भाईकाकांनी नाही नाही म्हणून पाहिलं. मालूकाकींनी माहेरी निघून जायची धमकी दिली आणि पिशवी भरायलाही घेतली, तेव्हा ते तयार झाले. मावशी म्हणाली, मी तुम्हाला तिथे पोचवते आणि तिथेच राहते. तिची ट्रंक आमच्याबरोबर गाडीत चढली. शाळेला सुट्टी, म्हणून पाणी आणून द्यायला मीही. सबंध प्रवासात भाईकाका मावशीशी एक शब्द बोलले नाहीत.

शाळेतली बाकं व्हरांड्यात रचली होती आणि वर्गात ओळीने चटया. ऑपरेशन झालेल्या माणसाने उताणं पडून राहायचं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. खोकायचं नाही, कुशीवर वळायचं नाही. खोलीभर स्पिरिटचा वास, आणि कुणाच्या तरी नातेवाइकांनी फणस आणला होता, त्याचा. मावशीने आल्याआल्या पदर खोचला आणि ती कामाला लागली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण तिथल्या पोरसवदा नर्सेस तासाभरात तिलाच विचारून सगळं करू लागल्या. भाईकाकांचं ऑपरेशन झालं, त्यांना चटईवर आणून ठेवलं. मालूकाकी उशाशी बसल्या बसल्या भिंतीला टेकून झोपून गेल्या.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू झालं तेव्हा मावशी भाईकाकांच्या पायाशी बसली होती. मी तिच्याजवळ.

"कोन हाय?" भाईकाका म्हणाले.

"मी आहे. मान हलवू नका."

"सिस्टर, सकाळ झाली काय?"

"झाली."

"मंग तुमचं चालू नाय झालं?"

मावशीने त्यांच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. भाईकाका म्हणाले, "घरी तुमच्या आवाजानं कळतं सकाळ झाली. हितं पट्टी बांधलीय, मला कालपासनं रात्रच हाय. चालू करा."

"भाई, मी यापुढे तोंड उघडायचं नाही असं ठरवलंय."

"आता उघडलंत की. आनि माझं लपवायला ऱ्हायलंय काय?" ते हसायला लागले, आणि मावशी घाईने त्यांच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "हसू नका, टाके तुटतील!"

तिने डोळे मिटले. "बापा," म्हणाली, आणि पुढे शब्द आला नाही. तिने माझा हात धरून दाबला. मला कळलं, मी करायचंय. मी काय बोलले ते मला अजून आठवतं, कारण ते जुळवलेलं नव्हतं. "बापा, सकाळ झाली. भाईकाकांना दिसत नाहीये, म्हणून तू त्यांना सांग. त्यांचा डोळा बरा कर. पनवेलच्या मुलाने काढलेले डोळे मला बघायचे नाहीत. आणि मावशीला इथे ठेवून घेऊ नकोस, तिला आमच्याबरोबर पाठव." मला ते खरंच हवं होतं. हवं असणं म्हणजे काय, हे मावशी इतके महिने मला विचारत होती, त्याचं उत्तर मला त्या चटईशी कळलं.

मी आमेन म्हणते तोच बाजूच्या चटईवरून एक म्हातारी म्हणाली, "गो बाय, माझं नाव पार्वती. माझं पन सांग." तिलाही पट्टी होती, कोण बोलतंय हे तिला दिसत नव्हतं. मी मावशीकडे पाहिलं. तिने मान हलवली. मी उठून म्हातारीच्या चटईशी गेले. मग पलीकडून एका पुरुषाने नाव सांगितलं, इब्राहिम, आणि मी तिथे गेले. मावशी माझ्या मागे होती. खोलीच्या त्या टोकाला पोचेपर्यंत तिचा आवाज परत आला होता, आणि शेवटची दोन माणसं तिनेच घेतली, अशा आवाजात की मालूकाकी दचकून जाग्या झाल्या.

मावशी आमच्याबरोबर परत आली. ट्रंक पलंगाखाली गेली आणि पुन्हा कधी बाहेर निघाली नाही. टाके निघाले, यथावकाश सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या काचांचा चष्मा आला, आणि नवाच घोटाळा उभा राहिला. बऱ्या झालेल्या डोळ्याला सगळं मोठं दिसायचं आणि दुसऱ्याला होतं तेवढंच. "एका जागी दोन गनपती दिसतात, एक मोठा नि एक बारका," भाईकाका म्हणायचे. त्यांनी फुटक्या कौलांवर चुन्याने डोळे काढायचा सराव सुरू केला. पहिले काही दिवस एक डोळा म्हशीचा आणि एक चिमणीचा यायचा. मग त्यांनी डाव्या डोळ्यावर रुमाल बांधून पाहिला. कौलांचा ढीग मोरीजवळ वाढत गेला, आषाढ संपत आला. मावशी आता सावध झाली होती. भाईकाकांचं नाव आलं की एवढंच म्हणायची, "त्याचं तुला माहीत आहेच." मग पलीकडून मालूकाकी ओरडायच्या, "जरा सविस्तर सांगा की हो!" एकदा दादांनी तिची चेष्टा केली. "अक्का, गणपतीचे डोळे नीट यावेत म्हणून प्रभूकडे अर्ज?" ती म्हणाली, "मी भाईच्या डोळ्यांचं मागते. त्या डोळ्यांनी त्याने काय काढायचं ते त्याचं काम."

श्रावण तोंडावर आला तेव्हा एका सकाळी आमची प्रार्थना संपायची वाट बघत भाईकाका दारात उभे होते. धुतलेला सदरा, खिशात रुमाल. "सिस्टर, चला," म्हणाले. मावशीने त्या कारखान्यात कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. तिने आधी चटई गुंडाळून ठेवली. मग तिने चपला घातल्या.

आबाशेटनी शब्द पाळला होता. रंग देऊन झालेल्या मूर्ती ओळीने मांडलेल्या होत्या, सोंड, मुकुट, दागिने सगळं झालेलं, आणि डोळ्यांच्या जागी कोरं. कामगार हात थांबवून उभे होते. आबाशेट दाराशी खुर्ची टाकून बसले होते, बघत होते. काय ते आज ठरणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. भाईकाकांनी रुमाल बांधला, चष्मा चढवला, ब्रश रंगात बुडवून कडेला पुसला आणि पहिल्या मूर्तीसमोर बसले. मी खांबाजवळ मावशीला चिकटून उभी होते. तिने डोळे घट्ट मिटले होते आणि तिचे ओठ भराभरा हलत होते, आवाज न करता. तिला तसं मागताना मी पहिल्यांदाच पाहत होते. भाईकाकांचा हात मूर्तीजवळ जाऊन थांबला. त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं.

"सिस्टर, डोळे उघडा."

"मी मागतेय, भाई."

"मागून झालं. आता बघा."

मावशीने डोळे उघडले. भाईकाकांनी ब्रश टेकवला, आणि दुसरं बुबुळ पुरं होऊन मूर्ती आमच्याकडे बघायला लागेपर्यंत तिने पापणी लवू दिली नाही.